सव्वा मूठ गहू

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. त्याआधी तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी, म्हणजे जाड पोळ्यांसाठी, गहू काढतात. ते किलोवर मोजत नाहीत, माणसांवर मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराचीही सव्वा मूठ, सुरतेला नोकरीला गेलेल्याचीही सव्वा मूठ. अमळनेर तालुक्यातल्या एका घरात दोन श्रावणांमागे ही मोजणी चालू असताना सत्तरी ओलांडलेल्या आईचा हात परातीवर थांबला. थोरल्या मुलाने त्याच वैशाखात बाप्तिस्मा घेतला होता. तिने मोठ्या सुनेला विचारलं, "मोठानी मूठ टाकू का नको?" सून गप्प राहिली. रात्री त्या थोरल्याने मला फोन केला, आणि हाच प्रश्न आता माझ्यापुढे आला.

मी नवापूर भागातला, मावची आदिवासी घरातला. आमच्या घरात आजोबांच्या पिढीपासून येशूवर विश्वास आहे. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नव्याने येणाऱ्यांशी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. हे प्रकरण त्या गृहस्थांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. गाव त्यांना 'सर' म्हणतं, मीही तेच म्हणेन.

सर रसायनशास्त्र शिकवतात. वीसेक वर्षं ते शाळाशाळांतून चमत्कारांमागचं विज्ञान दाखवत फिरले. नारळाच्या शेंडीत सोडियमचा हरभऱ्याएवढा तुकडा दडवायचा, वरून 'मंतरलेलं' पाणी शिंपडायचं, की शेंडी भडकन पेटते. पोरं मागे सरतात. मग सर घासलेटात बुडवून ठेवलेल्या सोडियमची बाटली काढून दाखवतात आणि पोरांचे चेहरे बदलतात. हा कार्यक्रम मी नंतर स्वतः पाहिला आहे. तो ते आजही करतात, आणि करत राहावेत असं मला मनापासून वाटतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्या संध्याकाळी सर चौकात मेणबत्ती घेऊन उभे होते. वडील गेले तेव्हा त्यांनी डोकं भादरलं नाही, दहाव्याला बसले नाहीत, आणि भाऊबंदांचे शब्द ऐकून घेतले. अशा माणसाची नास्तिकता ही हौस नसते. तिची किंमत त्यांनी मोजलेली होती.

कानबाईला मात्र ते दरवर्षी जात. रोट खात, मांडव घालायला हात लावत. विचारलं की म्हणत, "देव नसला तरी भाऊबंद आहेत ना." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते लागणार आहे.

माझी-त्यांची गाठ फेब्रुवारी २०२४ मध्ये पडली. अमळनेरला सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं होतं. एका ओळखीच्या शिक्षकाने त्या गर्दीत आमची भेट घालून दिली. चहा येण्याआधीच सर मुद्द्यावर आले. त्यांनी अयान हिरसी अली यांचा लेख वाचला होता. या बाई सोमालियात जन्मल्या, मुस्लिम घरात वाढल्या, पुढे नेदरलँड्सच्या संसदेत गेल्या आणि जगातल्या नावाजलेल्या नास्तिकांत गणल्या जाऊ लागल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी आपण ख्रिस्ती झालो असं जाहीर केलं. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९२७ मध्ये 'मी ख्रिस्ती का नाही' हे व्याख्यान दिलं होतं. त्याला जणू उत्तर म्हणून बाईंनी आपल्या लेखाचा मथळा ठेवला, 'मी आता ख्रिस्ती का आहे'. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: स्वातंत्र्य, माणसाची प्रतिष्ठा, विवेकाची मोकळीक ही पाश्चात्त्य संस्कृतीची कमाई ज्यू-ख्रिस्ती परंपरेतून आली. तिच्यावर आज चारी बाजूंनी हल्ले होत आहेत, आणि नुसत्या नास्तिकतेच्या बळावर ती राखता येणार नाही. जगण्याला अर्थ कुठून आणायचा, हाही प्रश्न नास्तिकतेला सुटला नाही, असं त्यांनी लिहिलं.

सरांना हे आपल्या गावाला लावून पाहायचं होतं. त्यांची वेदना खरी होती. "मी पोरांच्या डोक्यातली भुतं काढली," ते म्हणाले, "आणि रिकाम्या जागेत काय येऊन बसलं? जातीच्या सेना. मोबाइलवरचा द्वेष. माझेच जुने विद्यार्थी तलवारी घेऊन फोटो काढतात. पाडायला मला येत होतं, बांधायला काही हाताशी नव्हतं." मग त्यांनी यादी मांडली: दवाखाने, शाळा, गुलामगिरीविरुद्धची चळवळ, सगळी माणसं समान हा विचार. हे सगळं ख्रिस्ती मुळावर उगवलं असेल तर ते मूळच का धरू नये?

मी त्यांना एकच विचारलं. "सर, येशू मेलेल्यांतून उठला असं तुम्हाला वाटतं का?"

"तो प्रश्न मी सध्या बाजूला ठेवलाय," ते म्हणाले.

त्यावर मी म्हटलं की मग बाप्तिस्म्याचं बोलणंही बाजूला ठेवू. त्यांना ते लागलं. नास्तिक माणूस स्वतःहून दारात आला आहे आणि हा पाळकांचा माणूस त्यालाच थांबवतोय, असं त्यांना वाटलं असणार. माझ्या मंडळीतल्या एकदोघांनाही तसंच वाटलं. पण संस्कृतीला टेकू हवा म्हणून देव धरायचा, हे देवाला धरणं नव्हे. टेकू दुसरीकडून मिळाला की माणूस हात सोडतो. प्रसिद्ध नास्तिक लेखक रिचर्ड डॉकिन्स यांनी त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास सांगितलं की आपण 'सांस्कृतिक ख्रिस्ती' आहोत, भजनं आणि जुनी देवालयं आपल्याला आवडतात, श्रद्धेतला मात्र एक शब्दही आपण मानत नाही. ते प्रामाणिक बोलणं आहे. सर त्या दिवशी डॉकिन्सच्या जवळ होते, आणि आपण हिरसी अलींच्या जवळ आहोत असं त्यांना वाटत होतं.

दुसरी अडचण मातीची होती. युरोपात चालणारा युक्तिवाद मराठी मुलखात जसाच्या तसा चालत नाही. समतेचा उच्चार इथे चोखोबा-तुकोबांच्या तोंडून झालेला आहे. महात्मा फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांच्या कामाचं त्यांनी मोकळेपणाने कौतुक केलं, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. आणि ते नास्तिकही नव्हते, त्यांनी निर्मिक मानला. डॉ. आंबेडकरांनी सगळे धर्म पारखून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बुद्धाचा मार्ग घेतला. 'समता हवी म्हणून ख्रिस्त' असं कोणी खानदेशात म्हणालं, तर ऐकणारा विचारणारच: मग बुद्ध का नको, वारी का नको? या प्रश्नाला संस्कृतीच्या हिशेबात उत्तर नाही. उत्तर असेल तर ते ख्रिस्त कोण आहे यात आहे.

आमच्या लोकांचं उदाहरण मी सरांना दिलं. माझ्या आजोबांनी युरोपातलं एकही देवालय पाहिलं नव्हतं. पाश्चात्त्य संस्कृती म्हणजे त्यांच्या लेखी जंगलखात्याचा साहेब. त्यांना येशू भेटला तो भीतीतून सोडवणारा म्हणून. आमच्या भागात कुणाचं पोर दगावलं, बैल मेला, की एखाद्या विधवेवर डाकीण असल्याचा आळ यायचा. भगत नाव काढायचा आणि त्या बाईचं जगणं संपायचं. आजोबांच्या सख्ख्या मावशीचं नाव असंच निघालं होतं. आजोबांनी तिला घरात आणून ठेवलं. येशूपुढे डाकिणीची सत्ता चालत नाही, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक होतं. पुढे मोहाची दारू सुटली, पोरी शाळेत गेल्या. संस्कृतीत फरक पडला, मोठा पडला. पण फरक पडावा म्हणून ते विश्वासात आले नव्हते.

हेही सांगायला हवं, की आमच्या पहिल्या पिढीने घरातला ढोल बंद केला. होळीचं नाचणंही सोडलं. दारू आणि नाच एकाच रात्रीचे, म्हणून दोन्ही एकदम गेले. दारू गेली ते बरं झालं. ढोल गेला ही चूक झाली असं मी मानतो, आणि ती भरून काढायला आम्हाला फार वर्षं लागत आहेत. मंडळीत आता ढोल परत आला आहे. तो वाजवणारी बोटं मात्र मधल्या पिढीत हरवली.

मी सरांना म्हटलं, वर्षभर नुसते येऊन मागे बसा, आणि लेख वाचायचे थांबवून बायबलमधलं मत्तयचं शुभवर्तमान वाचा. ते यायचे. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे नाहीत.

मग बांधाचं प्रकरण घडलं. सर तालुक्याला राहतात, धाकटा भाऊ आईसह गावात शेती करतो. वाटणीनंतर धाकट्याने बांध कोरून दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळींएवढी जमीन, आत घेतले होते, आणि विहिरीच्या पाण्याची पाळीही मोडली होती. सरांनी मोजणी मागवली, दावा लावला. दावा खरा होता, कागद त्यांच्या बाजूने होते. चार वर्षं दोघे कानबाईच्या एकाच पंगतीत बसून एकमेकांशी बोलत नव्हते. मत्तयच्या त्याच शुभवर्तमानात, डोंगरावरच्या प्रवचनात, येशू म्हणतो की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. सर तिथे अडले. तीन आठवडे ते आले नाहीत.

शेतीला वीज रात्रीची होती. रात्री एकच्या सुमारास धाकटा कपाशीला बारं देत होता, फावड्याने पाणी वळवत. सर विजेरी घेऊन बांधावर जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, तोंडातून निघेना. शेवटी त्यांनी चपला काढल्या, सरीत उतरले आणि फुटलेल्या दांडाला माती लावू लागले. धाकट्याने बराच वेळ पाहिलं आणि मग विचारलं, "आप्पा, कितला भेटनात?" ख्रिस्ती व्हायचे पैसे किती मिळाले, असा त्याचा अर्थ. दादा बदलला आहे हे त्याला कळत होतं. ते पैशाशिवाय होऊ शकतं, हे त्याच्या अनुभवात बसत नव्हतं. सरांनी सांगितलं की दावा काढून घेतो आहे, दोन तास तुझे.

सरांचे चळवळीतले एक जुने सहकारी मला म्हणाले, "बांध तर नास्तिक माणूसही सोडू शकतो." शकतो, आणि सोडलेलेही आहेत. त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. मी एवढंच नोंदवतो की या माणसाने चार वर्षं तो सोडला नव्हता, आणि ज्या रात्री सोडला त्यानंतरच्या रविवारी मागच्या बाकावर त्यांचे डोळे मिटलेले होते. मला नंतर म्हणाले, "संस्कृतीवरच्या कुठल्याच लेखाने मला माझ्या भावाचं नाव घेऊन विचारलं नव्हतं." पुनरुत्थानाचा प्रश्न आता त्यांनी बाजूला ठेवलेला नव्हता. हिरसी अलींनीही मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कला डॉकिन्ससमोर बसून आपल्या खोल नैराश्याची आणि प्रार्थनेची गोष्ट सांगितली. त्या खऱ्या अर्थाने ख्रिस्ती नाहीत हे पटवायला आलेले डॉकिन्स तिथे म्हणाले, तुम्ही ख्रिस्ती आहात. लेखात नव्हतं ते समोरासमोर निघालं. सरांचंही तसंच झालं.

बाप्तिस्म्याआधी मी सरांच्या पत्नीशी दोन बैठका केल्या. हे मी कधीच टाळत नाही. वहिनींचे प्रश्न रोखठोक होते. देवघर राहील का? राहील, ते त्यांचं आहे. मुलांना शेताचा वाटा मिळेल का? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २६ आहे. धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं स्वतः हिंदू नसतील, तर त्यांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. यांची दोन्ही मुलं आधीची, कॉलेजात शिकणारी, त्यामुळे तो धोका नाही. नवऱ्याचं धर्मांतर हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट मागण्याचं कारण होऊ शकतं, हेही मी त्यांना सांगितलं. नवऱ्याच्या बाजूच्या माणसाने हे सांगावं याचं त्यांना नवल वाटलं. पण माहीत असूनही राहिलेलं माणूसच खरं राहतं. शेवटी त्यांनी सरांकडे वळून विचारलं, "अहो, मेल्यावर तुम्हाला पुरायचं की जाळायचं, तेवढं आत्ताच सांगा." सर म्हणाले, "बोरी नदीच्या काठी, आबांना जाळलं तिथेच." शास्त्राची त्याला आडकाठी नाही. वहिनींचा ताण त्या उत्तराने निम्मा उतरला.

आईला मात्र कोणी काही समजावलं नव्हतं. तिला बाप्तिस्म्याची बातमी शेजारणीकडून कळली. यात दोष सरांचा, आणि तितकाच माझा. ती त्यांना म्हणाली, "तू देव मानत नव्हता तवय मी काही बोलनू नही. आते मानस, तं तो बी दुसरास्ना?"

आणि मग श्रावण आला, परातीवरचा हात थांबला, मला फोन आला. मी घाईत उत्तर दिलं: रोट खाऊ नका, घरी जाऊही नका त्या दिवशी. आमच्या आजोबांनी ढोलाचं केलं तेच मी रोटांचं केलं. सर गेले नाहीत. आईने मूठ टाकली नाही. त्या वर्षी त्या घरात रोट झाले, पण म्हातारीने स्वतः एक तुकडाही खाल्ला नाही, असं वहिनींनी मला सांगितलं. मला रात्रभर झोप लागली नाही.

इथे सरांचं जुनं वाक्य आठवा: देव नसला तरी भाऊबंद आहेत. नास्तिक असताना रोट खाणं त्यांना सोपं होतं, कारण समोरच्या पूजेत त्यांच्या लेखी काहीच नव्हतं. आता पूजा ही खरी गोष्ट आहे हे त्यांना कळलं होतं, म्हणून तोंडात घास घालणं अवघड झालं. मला वाटतं, आईच्या श्रद्धेचा मान त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ठेवला तो तेव्हा. हे तिला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात नेमकी हीच पंचाईत आहे. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खावा का? आठव्या अध्यायात तो म्हणतो, मूर्ती काही नाही, अन्नाने आपण देवाजवळ जात नाही की दूरही होत नाही. पण तुझ्या खाण्याने दुसऱ्याच्या मनाला ठेच लागत असेल तर जप. दहाव्यात सांगतो, बाजारात मिळेल ते चौकशी न करता खा, मात्र दोन मेजांवरचे भागीदार होऊ नका. मी याआधी दहावा अध्याय धरून बसलो होतो आणि आठवा विसरलो होतो. पौलाने 'घरी जाऊ नका' असं कुठेच म्हटलेलं नाही. उलट जेवायला बोलावलं तर जा, असंच त्याने धरलं आहे.

आणि आपल्याकडेही ही वाट कोणी चाललंच नाही असं नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचं घर मोडल्यासारखंच झालं होतं. काही वर्षांनी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या, आणि पुढे त्या स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी ओवी, अभंग, कीर्तन यांतलं काही टाकलं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. मराठी मंडळ्या आजही त्यांची पदं टाळ-पेटीवर गातात. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे संस्कृती वाचवायला मी तुमच्याकडे आलो होतो, आणि आता तुम्ही मला माझ्याच घरी पाठवताय."

गेल्या श्रावणात सर शनिवारीच गावी गेले. सुनेच्या, बहिणींच्या देखत आईजवळ बसले आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं: मी आरतीला उभा राहणार नाही, रोट खाणार नाही, कारण आता मी एकाचाच झालो आहे, पण दळण मी आणीन, पाणी मी भरीन, बहिणींना मी घेऊन येईन, आणि पंगतीत वाढायला मी असेन. आईने ऐकून घेतलं. काही बोलली नाही. परात पुढे ओढली, गव्हाची पाटी जवळ घेतली आणि नावं घेऊ लागली. धाकट्याची झाली, त्याच्या पोराची झाली, सरांच्या मुलाची झाली. मग तिने हात घातला, मूठ भरली, वर पावभर मूठ आणखी घेतली आणि परातीत सोडली.

"मूठ तुन्हीच शे," ती म्हणाली. "खाशी तं खाय, नही तं ऱ्हाऊ दे."

सरांनी ते गहू गिरणीत नेऊन दळून आणले. रोट उरवायचे नसतात, पौर्णिमेच्या आत भाऊबंदांनीच संपवायचे असतात. त्यांच्या वाट्याचे रोट धाकट्या भावाने खाल्ले.